पांढरे पाय, हिरवं पाणी

विहिरीचं पाणी हिरवं झालेलं पहिल्यांदा मी पाहिलं, आणि माझ्या हातातली घागर पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली. ती काढायला पाण्यात हात घातला तर माझाच हात मला दिसेना. चार-पाच दिवसांपूर्वी याच पाण्यात खालच्या बुडालेल्या पायऱ्या मोजता येत होत्या. शेवाळ मला ठाऊक होतं. बारामतीला कऱ्हेच्या डोहात दगडांना धरून असतं, बुळबुळीत, ओढलं की हातात येतं. हे तसं नव्हतं. ओंजळीत घेतलं तर ओंजळ हिरवी, पदरातून गाळलं तरी खाली पडणारं पाणी हिरवंच. हाताला काही लागत नव्हतं आणि पाणीही पाणी राहिलं नव्हतं. मी तिथंच किंचाळले. नव्या सुनेनं किंचाळायचं नसतं, हे मला नंतर ऐकवण्यात आलं.

लग्न होऊन मला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. माहेर बारामतीचं, वडील गुळाच्या अडतीवर तोलाईचं काम करायचे. सासर इंदापूरच्या अंगाला, लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या एका वस्तीवर. देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, पण वस्तीवर नळ नव्हता की वीज नव्हती. होती ती ही विहीर. सासऱ्यांनी तरुणपणी स्वतः पहार घेऊन ती खणली होती. एका बाजूला मोट, दुसऱ्या बाजूला उतरायला दगडी पायऱ्या, आणि तोंड एवढं रुंद की दुपारचं ऊन थेट पाण्यावर पडायचं. सगळी वस्ती तिचंच पाणी प्यायची. सासऱ्यांनी कालव्यातून आणून तिच्यात मासे सोडले होते. त्यातला एक चांगला हातभर झाला होता. त्याला कुणी पकडायचं नाही, तो विहिरीचा राखणदार, असा वस्तीचा दंडक. भाकरीचा तुकडा टाकला की तो वर यायचा. घरात तोंड उघडायची चोरी, त्यामुळे मी त्याच्याशीच बोलायचे. हसू नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी ऐकणारं लागतंच.

त्या वर्षी आमच्या उसाला पहिल्यांदा पोत्यातलं खत घातलं होतं. तोवर शेणखत, फार तर पेंड. हे नवं खत दोन तऱ्हेचं होतं, एक साखरेसारखं पांढरं आणि दुसरं राखाडी भुकटीचं. वस्तीवर दोन्हीला मिळून विलायती खत म्हणत. सासूबाई मात्र त्याला मीठच म्हणायच्या. उसानं ते खाल्लं आणि असा काही फोफावला की सासरे कामधाम सोडून बांधावर नुसते बघत उभे राहायचे.

खत संपलं आणि पोती उरली. पोतं ही काय चीज होती हे आजच्या माणसाला सांगून पटायचं नाही. धुतलेलं पोतं उसवून जोडलं की अंथरायला गोणपाट, पावसात डोक्यावर घ्यायला खोळ, ज्वारी भरायला थैला. सासूबाईंचा जीव पोत्यांत. पण ही पोती अवकाळी सरीत भिजली होती, आणि आतलं उरलंसुरलं खत आळून तागाला ढेकळासारखं चिकटून बसलं होतं. खरवडून निघेना.

"पायानं तुडीव, म्हंजी सुटंल," सासूबाई म्हणाल्या.

धुण्याची आमची जागा वर होती, डोणीपाशी. डोण म्हणजे मोटेचं पाणी जिच्यात पडायचं ती दगडी कुंडी. पण कालवा बंद होता, विहिरीनं तळ जवळ केला होता, मोट सोडून ठेवली होती. एवढ्या पोत्यांसाठी घागरीनं पाणी वर आणता आणता माझी कंबर मोडली असती. सासूबाईंना माझी दया आली. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या दयेतून झालं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "खालच्या पायरीवरच तुडीव. मीठच तर हाय. मिठानं कुठं पाणी नासतं व्हय?"

मलाही ते पटलं. लोणचं मिठानं टिकतं, चिंच मिठानं टिकते. मीठ घातल्यानं काही नासलेलं आमच्या दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी पदर खोचला आणि सबंध सकाळ पायरीवर पोती तुडवली. ढेकळं विरघळताना तळव्यांना गारेगार वाटायचं. राखाडी-पांढरा लोंढा पायरीवरून पाण्यात उतरायचा आणि दोन हातांवर नाहीसा व्हायचा. पाणी पुन्हा नितळ. गेलं, संपलं, असं वाटायचं. मी वर आले तोवर उन्हानं पाय वाळून घोट्यापर्यंत पांढरेफटक झाले होते. तेवढ्यात आमचे हे मळ्यातून आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "गिरणीत गेलतीस का दळायला? पाय बघ कसं पांढरं झाल्यात." दिवसाउजेडी ते माझ्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. मी लाजून पाय लुगड्यात ओढून घेतले.

राहिलेली दोन-तीन पोती मी घरामागच्या काठ फुटलेल्या रांजणात बुचकळून काढली. दोन्ही खतांची झाडलोट भरलेलं एक पोतं मात्र धुवायचं राहिलंच. ते भिंतीशी तसंच टाकून दिलं.

आणि मग तो हिरवा रंग. आज बघावं तर काल बरा म्हणायची पाळी, असं तो दाटत गेला. आधी कोवळ्या हरभऱ्यासारखा, मग घट्ट, पालेभाजी वाटून कालवल्यासारखा. डोणीत घागर ओतली तर बैल आले, फुरफुरले आणि मागं फिरले. बायका घागरी घेऊन लांबच्या विहिरीवर जायला लागल्या आणि जाताना आमच्या दाराकडं बघायला लागल्या. कुणी म्हणालं मोरचूद टाकलं असेल, कुणी म्हणालं देवाचं काही राहिलं असेल. सासरे नुसते पायरीवर बसून राहायचे. ज्या माणसानं ती विहीर पहारीनं फोडून काढली, त्याला तिच्यात बघितलं तर स्वतःचं तोंड दिसत नव्हतं.

एके दिवशी आभाळ भरून आलं, दिवसभर ऊन पडलं नाही, पाऊसही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर सासरे पायऱ्या चढून वर येत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर तो मासा आडवा होता. तोंड उघडं. मागं पाण्यावर बारके मासे पांढरी पोटं वर करून पसरलेले. माझे डोळे पांढरे झाले. काल संध्याकाळी मी त्याला तुकडा टाकला होता आणि तो वर आला होता. पाण्याच्या तोंडाशी येऊन सारखा आ वासत होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

बायका जमल्या. सासूबाईंनी माशाकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सरळ, ठरल्यासारख्या म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची हाय ही."

घरात सून यावी आणि वाईट घडावं, की हा शब्द तयारच असतो. तो एकदा लागला की निघत नाही. बाई मरते, शब्द राहतो. मला वाटलं कुणीतरी माझ्या छातीवर पहार मारली. ज्या बाईनं माझ्या कमरेची काळजी केली होती, त्याच बाईच्या तोंडून तो आला, याचा धक्का मला माशापेक्षा मोठा बसला. मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा राग मी पुढं कित्येक वर्षं काढला, आणि अजून थोडा शिल्लक आहे.

बारामतीला बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप गेला, की येत्या बाजारानंतर येऊन लेकीला घेऊन जा. माहेरपणाला नव्हे. परत न आणण्यासाठी. घरी माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. थोरलीला पांढऱ्या पायाची म्हणून परत पाठवली, हे कळल्यावर त्यांच्या दारात कोण येणार होतं? वडील काय म्हणतील याचा मी विचारच करू शकत नव्हते. ते मला काहीही बोलले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं.

त्या संध्याकाळी घरामागं पाय धुवायला बसले. डोक्यात तोच शब्द घण घालत होता. पांढऱ्या पायाची, पांढऱ्या पायाची. मी पायांकडं बघत होते. चांगले सावळे पाय, टाचांना भेगा. म्हटलं, कुठले गं पांढरे? आणि मग एकदम गिरणीचं ते वाक्य आठवलं. पांढरे झाले होते. एकदा खरोखरच झाले होते! मी तांब्या बुडवायला रांजणात वाकले आणि हात तसाच राहिला. रांजणातलं पाणी विहिरीपेक्षाही हिरवं होतं. शेजारीच गुरांची एक जुनी कुंडी होती, आता वापरात नसलेली. तिच्यातलं पाणी पोती धुवायच्या आधी त्याच विहिरीतून आणलेलं. ते स्वच्छ होतं.

विहीर एक, पाणी एक. फरक फक्त पोत्यांचा.

पण हे सांगायचं कुणाला आणि मानणार कोण? मी दोन मातीचे परळ घेतले, म्हणजे कुंभाराकडची पसरट भांडी. आधी पितळी वाट्या घेणार होते, पण पितळेला खत लागलं की कळक चढून तेही हिरवं होतं, मग माझं कोण ऐकणार. कालव्याच्या तळात एक डबकं राहिलं होतं, त्यातलं पाणी दोन्हींत ओतलं. एकात भिंतीशी पडलेल्या पोत्यातलं चिमूटभर पांढरं आणि चिमूटभर राखाडी खत टाकलं, दुसऱ्यात काही नाही. दोन्ही परळ गोठ्याच्या छपरावर उन्हात ठेवले. मग वाट बघायला लागले.

काही होईना. सकाळी बघावं तर दोन्ही पाणी सारखं, दुपारी बघावं तर सारखं. कडबा काढायच्या निमित्तानं मी छपराला शिडी लावायची आणि तशीच उतरायची. खरं सांगते, मधे एक दिवस असा गेला की तो शब्द मलाच खरा वाटायला लागला. सगळे म्हणतात तर असेनही. आपल्या पायांत काही असेल तर ते आपल्याला कसं कळणार? आज त्या मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण त्या दिवशी ती छपराखाली बसून आपले तळवे उलटेपालटे करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी खताच्या परळाच्या काठाला किंचित छटा आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तळ दिसेना. शेजारचा परळ जसाच्या तसा. मी शिडी घट्ट धरून उभी राहिले. आनंदानं नव्हे, भीतीनंच. खताची ती चिमूट मी स्वतःच्या हातानं टाकली होती. ती विरघळली, दिसेनाशी झाली, आणि आता काहीतरी जिवंत होऊन वर आली होती. उन्हानं परळातलं पाणी निम्मं आटलं होतं. काठाला जिथं ते वाळलं तिथं हिरवा पापुद्रा धरला होता. मी नखानं तो उचलला. पापडासारखा हातात आला, त्याला वजन होतं. दुसऱ्या परळाच्या काठाला नुसती मातीची रेघ.

पुढं किती तरी वर्षांनी एका शाळेच्या पुस्तकात मी वाचलं, की समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना मूळ नाही, खोड नाही. पाण्यात विरघळलेलं नत्र आणि स्फुरद त्या खातात, वरून ऊन घेतात आणि त्यातूनच आपलं अंग धरतात. समुद्रातले मासे शेवटी त्यांच्याच जिवावर जगतात. आणि साचल्या पाण्यात त्या बेसुमार वाढल्या, की रात्री पाण्यातला सगळा श्वास त्याच पिऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. पुस्तक माझ्या हातात तसंच राहिलं. मला समुद्र कशाला दाखवता? मी तो परळात पाहिला होता. आणि इतक्या वर्षांनी तो आ वासणारा मासा पुन्हा आठवला. त्याला भूक लागलेली नव्हती.

वडील आले ते दुपारच्या वक्ताला. हातात मोकळी पिशवी, माझी लुगडी न्यायला. ओसरीवर सासरे बसले होते, आमचे हे खांबाला टेकून उभे, अंगणात बायका. सासूबाई उंबऱ्यात.

"बसा पाव्हणं," सासरे म्हणाले.

मी दोन्ही परळ घेऊन सगळ्यांच्या मधे आले. सासऱ्यांपुढं तोंड उघडायची ती माझी पहिली वेळ. पदर दातात धरला होता तो सोडला. "मामा," मी म्हणाले, "दोन्हींत कालव्याचं पाणी हाय. ह्यात खत घातलं, त्यात न्हाय घातलं. उसानं खाल्लं तसं पाण्यानंबी खाल्लं. इहीर नासली न्हाय मामा. इहिरीला पीक आलंय."

सासऱ्यांनी परळ उचलला. बोट बुडवलं. काठाचा पापुद्रा काढून चुरगळला, हुंगला. आयुष्यभर शेती केलेला माणूस होता तो. खत घातल्यावर काय होतं हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. फक्त पाण्यालाही ते घालता येतं हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

"पर इहिरीत खत घातलं कुणी?" त्यांनी विचारलं.

आणि मी गार पडले. एवढे दिवस शिडी चढले-उतरले, पण हा प्रश्न येणार हे मला सुचलंच नव्हतं. खत कुठून आलं? पोत्यांतून. पोती कुणी तुडवली? मी. कशानं? पायांनी. पांढऱ्या झालेल्या पायांनी. ज्या शब्दातून सुटायला मी हे परळ आणले, ते परळच सांगत होते की तो शब्द अक्षर न अक्षर खरा आहे. अंगणातली एक बाई तेवढ्यात पुटपुटलीच, "पोती हिनंच तुडवली की पायऱ्यांवर. म्हंजी पायच की वो तिचं!"

कुणी तुडवायला सांगितलं, हे मी बोलले असते तर? मला बोलता आलं असतं. पण उंबऱ्याकडं पाहिलं आणि जीभ उचलेना. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. 'मिठानं कुठं पाणी नासतं' हे माझ्याइतकंच त्यांनाही आठवत होतं. वडिलांनी पिशवीची घडी मोडली. मी काय समजायचं ते समजले.

सासूबाई उठल्या. मला वाटलं आत जातील. त्या घरामागं गेल्या आणि भिंतीशी राहिलेलं ते शेवटचं पोतं ओढत अंगणात घेऊन आल्या. कुणालाच कळेना काय चाललंय. त्यांनी ते सगळ्यांच्या मधे टाकलं, त्याच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि तुडवायला लागल्या. पुरुषांसमोर, व्याह्यांसमोर, भर उन्हात. सासरे अर्धे उठले आणि तसेच राहिले. सासूबाईंचे पाय बारके होते, शिरा वर आलेल्या. त्या दम लागेपर्यंत तुडवत राहिल्या. मग बाजूला येऊन उभ्या राहिल्या. ऊन कडक होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते पाय वाळत गेले आणि पांढरे होत गेले.

"मीच सांगितलं व्हतं तिला पायरीवर तुडवाया," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "ह्ये बघा पाय. आता मलाबी धाडा म्हायेरी. बावड्याला माझं कुणी उरलं न्हाय, आई न्हाय, भाऊ न्हाय, घरबी पडलं. तरीबी धाडा."

वडिलांच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना भान नव्हतं. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. तो उचलून मी सासूबाईंच्या पायांवर ओतायला वाकले.

त्यांनी पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आजून सगळी वस्ती आली न्हाय बघाया."